दर्या, दऱ्या आणि कळफलक

एम.ए.च्या वर्गाचे निबंध तपासताना एका विद्यार्थिनीच्या लेखात ‘सह्याद्रीच्या खोल दर्यांमध्ये’ असे शब्द आढळले. दर्या म्हणजे समुद्र, आणि तो सह्याद्रीच्या कुशीत खोलवर शिरलेला! लाल शाईने खूण केली आणि दुसऱ्या दिवशी तिला विचारले. तिने निमूटपणे हाताने लिहिलेला कच्चा मसुदा पुढे ठेवला. त्यात ‘दऱ्यांमध्ये’ असेच होते, नीट आडवी रेघ काढून. चूक तिची नव्हती. तिने मोबाइलवर रोमन अक्षरांत शब्द टाइप केला होता आणि यंत्राने आपल्या पसंतीचा ‘र्य’ तिच्या हाती ठेवला होता. गुण कापले होते ते परत दिले.

प्रसंग क्षुल्लक आहे, पण आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवणारी ही गफलत मराठीच्या अध्यापकाने हसण्यावारी नेऊ नये. प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा नाही. अक्षर उमटवण्याचे साधन कोणी, कोणासाठी आणि कोणत्या गृहीतकांवर घडवले, हा तो प्रश्न आहे.

विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले ते देवनागरीत. त्यांचा १८१० चा कोश मात्र मोडीच्या खिळ्यांत आला. म्हणजे मराठीला छापील चेहरा कोणता द्यायचा, हे तेव्हा पक्के ठरलेले नव्हते. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजी आणि त्यांच्यानंतर जावजी दादाजी यांनी देवनागरीचे खिळे पाडले. निर्णयसागरच्या अक्षरांमागे रानोजी रावजी आरू या कारागिराचा हात होता. संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासकांना निर्णयसागरची पाने आजही ओळखू येतात, मात्र आरूंचे नाव आपल्या वाङ्मयेतिहासांत सहसा सापडत नाही. लेखक, संपादक, फार तर प्रकाशक, एवढ्यावर आपला इतिहास थांबतो. ज्याने ‘अ’ला पोट दिले तो कोण, हे आपण विचारत नाही.

‘अ’चा उल्लेख मुद्दाम केला. आज हिंदीच्या पाठ्यपुस्तकांत दिसणारे अ, झ आणि ण हे मुळात मुंबई वळणाचे. उत्तरेत या अक्षरांची जुनी रूपे वेगळी होती. मुंबईचे टाइप दूरवर पोहोचले आणि पुढे हिंदीच्या मानकीकरणात हीच रूपे प्रमाण ठरली. तेव्हा लिपीच्या बाबतीत आपण नेहमीच घेणारे होतो असे नाही. ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला.

आता टंकलेखन यंत्राकडे वळू. देवनागरीची सारी अक्षरे मोजक्या कळांवर बसवायची तर काहीतरी मोडावे लागणारच. त्या यंत्राने अक्षरच मोडले. अर्धा ‘भ’ दाबायचा आणि पुढे काना जोडायचा की पूर्ण ‘भ’ तयार. थ आणि ध यांचेही तसेच. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटवायची, कारण कागदावर ती आधी दिसते. म्हणजे यंत्र डोळ्याचे अनुकरण करीत होते, कानाचे नव्हे. नाशिक जिल्ह्यातल्या भगूरचे सावरकर रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत अ-ची बाराखडी मांडत होते, त्यामागेही हीच अडचण होती, की छापखान्याच्या आणि यंत्राच्या सोयीसाठी लिपी वाकवावी किती? अि, अी, अु ही रूपे रुजली नाहीत. (माझे मत विचाराल तर बरे झाले, पण त्यांनी प्रश्न अचूक हेरला होता हे मान्य करावेच लागते.)

१९८० च्या दशकात आलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकाने हा क्रम उलटा केला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. आधी व्यंजन, मग वेलांटी, जसे आपण उच्चारतो तसे. वर्णमालेची शिस्त पाणिनीपासून चालत आलेली, ती प्रथमच बोटांपर्यंत पोहोचली. भाषाविज्ञान शिकवणाऱ्याला याहून देखणे उदाहरण मिळणार नाही. तरीही टंकलेखन शिकलेल्या पिढीला तो परका वाटला आणि नव्या पिढीने रोमन अक्षरांची वाट धरली. ‘दऱ्या’तला तो र इन्स्क्रिप्टवर आहे, शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबली की नुक्ता असलेला ‘ऱ’ येतो, त्याला हलन्त आणि य जोडायचा. गंमत अशी की युनिकोडमधली ही जागा मुळात द्राविडी भाषांतला र देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेली. मराठी दऱ्या-खोऱ्या त्या उसन्या घरात राहतात. जुन्या जुळाऱ्याच्या खणात त्या अर्ध्या र-चा स्वतंत्र खिळा असे. ‘अॅ’ची कथाही अशीच. ‘ए’वर चंद्र असलेले अक्षर आधीपासून होते, पण मराठी माणूस लिहितो ते ‘अ’वर चंद्राचे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. तोवर आपण ते जोडकाम करून भागवत होतो.

विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट घरोघरी आला. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. जन्म कोल्हापूरचा, शिक्षण जे. जे.मधले, काम जाहिरातीच्या जगात, नंतर आयआयटी मुंबईत अध्यापन. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांना आणखी एका नात्याने ओळखायला हवे. अक्षरांच्या आकारातूनच अर्थ उभा करणारी दृश्यकविता त्यांनी मराठीत लिहिली. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या कवीने अक्षराच्या देहावर इतके प्रेम केले, त्याच्याच फॉन्टमध्ये मराठीचा ‘ल’ हिंदी वळणाचा, दांडीचा दिसावा, हा योगायोग मला अस्वस्थ करतो. दोष त्यांना देता येत नाही. एका लिपीच्या अनेक भाषांना एकच फॉन्ट पुरवायचा म्हटल्यावर मूळ रूप कोणते ठेवायचे, हे अक्षरकार एकटा ठरवत नाही. पुढे तंत्र सुधारले. मजकूर मराठी आहे असे संगणकाला सांगितले तर काही फॉन्ट आपोआप मराठी रूप देतात. पण असे सांगते कोण?

राज्य शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच मराठीची रूपे असे स्पष्ट केले. त्याच सुमारास दुकानांवरील मराठी पाट्यांचा विषय ऐरणीवर आला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, आणि आमच्या इंदिरानगरातही बोगद्यापासून वडाळा-पाथर्डी रस्त्यापर्यंत नव्या पाट्या झळकू लागल्या. मोठी अक्षरे, झगझगीत प्रकाश. मी फिरायला जातो तेव्हा ‘ल’ मोजतो. मेडिकल, कलेक्शन, ज्वेलर्स, क्लासेस, सगळीकडे दांडीचा. कायद्याने भाषा मराठी झाली, अक्षर फॉन्टमध्ये होते तसेच राहिले. शासननिर्णयातली पाकळी दुकानदारापर्यंत पोहोचलेली नाही. ती पाटी करणाऱ्याच्या संगणकापर्यंतच पोहोचलेली नाही. हा लेख तुम्ही वाचत असलेल्या पडद्यावरही कोणता ‘ल’ दिसतो आहे, ते जाता जाता पाहून ठेवा.

माझ्या स्वतःच्या प्रबंधाची गत याहून वाईट. तो जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये एका डीटीपी केंद्रात जुळवून घेतला होता. काही वर्षांनी पुस्तकासाठी रूपांतर केले तेव्हा पाने भरून निघाली, पण अनेक ‘ऱ्या’ कुठेतरी गळून पडले. तीनशे पाने मूळ छापील प्रतीशी ताडून पाहिली. मुखपृष्ठ करणाऱ्या मित्राने शीर्षकातला ‘ल’ बोरूने काढून दिला, कारण त्याच्या संगणकावर हवा तसा मिळेना. तोच एक ‘ल’ पुस्तकात पाकळीचा आहे. आतले सगळे दांडीचे.