ईआरपी प्रणालीची निवड : वस्तुनिर्माण उद्योग

कारखान्याची खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकाच माहितीसाठ्यावर चालवणाऱ्या संगणकप्रणालीला ईआरपी म्हणतात. तिच्या उत्पादनविषयक भागाचा गाभा मालाच्या नियोजनाचा आहे. अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६०च्या दशकात एमआरपी ही पद्धत विकसित केली आणि १९७५ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. तयार वस्तूची मागणी घ्यायची, तिच्या सुट्या भागांची यादी म्हणजे बीओएम उलगडायची आणि कोणता भाग किती व केव्हा लागेल ते मागे मोजत जायचे, अशी ती रीत. पुढे तिला हिशेब, विक्री, मनुष्यबळ यांची जोड मिळाली. निवडीच्या वेळी मात्र हा गाभाच मागे पडतो. किंमत, हिशेबाची सोय आणि वैशिष्ट्यांची लांबलचक यादी यांवर निर्णय होतो. वस्तुनिर्माण कंपनीसाठी निर्णायक कसोटी वेगळी आहे : आपला माल कारखान्यात आणि कारखान्याबाहेर ज्या वाटेने फिरतो, ती वाट प्रणालीत जशीच्या तशी नोंदवता येते का?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव परिसरातील फाउंड्री पाहावी. तिथे पिग आयर्न आणि भंगार किलोवर येते, कास्टिंग नगावर मोजले जाते, आणि ओतलेल्या धातूचा रनर-रायझरमध्ये गेलेला भाग पुन्हा भट्टीत जातो. हा परतावा टाकाऊ माल म्हणून नोंदवला तर कास्टिंगचा खर्च चुकतो. ग्राहकाची तक्रार आली तर हीट नंबरवरून त्या वितळीची रासायनिक तपासणी सापडली पाहिजे. मशीनिंगसाठी माल जॉब वर्कवर बाहेर जातो, आणि जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार कर न भरता पाठवलेला असा माल, मुदतवाढ नसेल तर, एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नाहीतर पाठवल्या दिवशीच तो पुरवठा झाला असे धरले जाते. म्हणजे कोणाकडे, कोणत्या चलनावर, किती नग शिल्लक आहेत आणि त्यातले रिजेक्शन किती, हे प्रणालीला रोज सांगता आले पाहिजे. औषधकंपनीला रनर-रायझर नसतात. तिला बॅच आणि मुदतसमाप्ती लागते. म्हणून विक्रेत्याच्या तयार नमुन्यावर विसंबू नये. आपल्याच एका महिन्याची खरी कागदपत्रे, अर्धवट परत आलेल्या मालासह आणि रिवर्कसह, त्याच्याकडून प्रणालीत भरून घ्यावीत.

यावर आक्षेप असा, की नावाजलेल्या प्रणालीत अनेक उद्योगांतली पारखलेली पद्धत असते, तेव्हा कारखान्यानेच बदलावे. वस्तूंचे सांकेतिक क्रमांक, खरेदीची मंजुरी यांसारख्या केवळ सवयीने चालत आलेल्या बाबतीत हे रास्तच आहे. धातू, ग्राहक किंवा कायदा जिथे वाट ठरवतो तिथे ते लागू होत नाही. प्रणालीला वाकवणेही सोपे नसते. लिडल या जर्मन दुकानसाखळीने साठ्याचे मूल्य खरेदी किमतीवर धरण्याची आपली रीत सोडली नाही. ती बसवत असलेल्या एसएपी या ईआरपी प्रणालीची रचना मात्र विक्री किमतीवर बेतलेली होती. सात वर्षांनी, सुमारे ५० कोटी युरो खर्चून, २०१८ मध्ये प्रकल्प सोडून द्यावा लागला. लिडल कारखाना नसला तरी मुद्दा तोच आहे : असा विसंवाद करारापूर्वी मोजावा लागतो.

दुसरा आक्षेप लहान उद्योजकांचा : टॅली आणि एक्सेल पुरते. वस्तू मोजक्या आणि माल एकाच छताखाली असेल तर खरोखरच पुरते. शिवाय नवी प्रणाली चुकीची नोंद दुरुस्त करीत नाही. एका जोडणीला २० भाग लागत असतील आणि प्रत्येकाचा नोंदलेला साठा बरोबर असण्याची शक्यता ९५ टक्के असेल, तर वीसही नोंदी एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता ३६ टक्क्यांच्या आसपास उरते. त्यामुळे साठामोजणी आणि बीओएमची दुरुस्ती हा निवडीचाच भाग आहे. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्टसारख्या मुक्त प्रणालीत परवान्याचे पैसे वाचतात, हे काम वाचत नाही. करारात स्वतःची सगळी माहिती वापरण्याजोग्या रूपात बाहेर काढून मिळण्याची अट असावी. आणि भारतीय कंपनीच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक फेरफाराचा बंद न करता येणारा माग राहणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक असल्याने, ती सोयही करारापूर्वीच चालवून पाहावी.