नशाविनोदी चित्रपट

गांजा-चरसाच्या धुंदीतील आळसातून हास्य निर्माण करणारा आणि त्या मिषाने कायदा, अब्रू व उद्योगशीलता यांची हेटाळणी करणारा चित्रपटप्रकार. अमेरिकेतील प्रतिसंस्कृतीतून उद्भवलेल्या या प्रकारास चीच व चाँग यांच्या ‘अप इन स्मोक’ने (१९७८) रूढ स्वरूप दिले. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस निषिद्ध ठरविले, भांगेची पाने मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली. हिंदी चित्रपटातही होळीची भांग सोज्ज्वळ आणि चिलीम बदफैली, हा भेद त्याआधीपासूनच रुळलेला होता. नशाविनोदी प्रकाराच्या निकट जाणारी बेमुर्वत वृत्ती अभिनय देव दिग्दर्शित ‘डेल्ही बेली’त (२०११) आढळते. दिल्लीतील एका कळकट बिऱ्हाडात राहणारे तीन तरुण, तस्करीचे हिरे आणि तपासणीसाठी द्यावयाचा मलाचा नमुना यांची अदलाबदल, एवढ्यावर अक्षत वर्मा यांची ही संहिता उभी असून तीत नशेपेक्षा अतिसारच प्रबळ आहे. राज व डी. के. यांच्या ‘गो गोवा गॉन’मध्ये (२०१३) मेजवानीतील गोळीने माणसे प्रेतवत् होतात, आणि त्यांना थोपविण्यास कोकेनच उपयोगी पडते, व्यसनमुक्तीच्या उपदेशाची इतकी मिस्कील विटंबना हिंदी पडद्यावर विरळाच.