गंगू तेली कोण होता?

वीरांचे पोवाडे लोकांना आवडतात, तशी वीर आणि खल यांची टर उडवणारी गंमतही त्यांना हवी असते. हल्ली मोठ्यांसाठी निघणाऱ्या कार्टून मालिकांत महाबली नायक व त्यांचे वैरी असेच हास्यास्पद होतात. धारेच्या भोजाबाबत हे काम एका म्हणीने केव्हाच केले आहे : 'कुठे राजा भोज, कुठे गंगू तेली!'

हा तेली म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव आणि कल्याणीचा चालुक्य तैलप यांची जोडगोळी, असे पुष्कळ जण सांगतात. भोजाने दोघांना हरवले म्हणून ही थट्टा. वाचकहो, इथे सनावळी आडवी येते. तैलपाने भोजाचा चुलता मुंज याला ठार केले, हे खरे. पण तैलप इ. स. ९९७ च्या सुमारास वारला आणि भोज १०१० च्या सुमारास गादीवर आला. गांगेयदेव तर काही काळ चालुक्यांविरुद्ध भोजाचा साथीदार होता. त्याच्या पुढील पराभवाचा उल्लेख 'पारिजातमंजरी' नाटिकेत आहे. तिचे शिळेवर कोरलेले दोन अंक का. कृ. लेले यांना १९०३ साली धारेतच सापडले.

लोककथेने आणखी मजल मारली. लाट मशिदीजवळचा मोडका लोखंडी स्तंभ तिने राक्षसी तेलिणीच्या तराजूची दांडी ठरवला.

या थट्टेचा भार मात्र घाणा चालवून पोट भरणाऱ्या समाजाने वाहिला. वर्गात ही म्हण निघाली की तेली घरातले पोर मान खाली घालते. शिक्षकांनी म्हण जरूर सांगावी. त्याच तासाला ९९७ आणि १०१० हे दोन आकडेही फळ्यावर लिहावेत.