यीस्ट-पेशीतील प्रथिनांचा स्थाननकाशा

यीस्टच्या (सॅकरोमायसीझ सेरेव्हिसी) पेशीत तयार होणारे प्रत्येक प्रथिन पेशीच्या कोणत्या भागात वावरते, याची पद्धतशीर नोंद म्हणजे स्थाननकाशा. यीस्टची पेशी साधारण 5 मायक्रोमीटर व्यासाची असते; एका मिलिमीटरात अशा 200 पेशी ओळीने मावतात. एवढ्याशा जागेत केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड, रिक्तिका असे कप्पे असतात आणि सुमारे 6,000 जनुकांपासून घडणारी प्रथिने त्यांत वाटली जातात. प्रथिनाची घडण कळली, पण त्याचे ठिकाण कळले नाही, तर त्याचे काम अर्धेच कळते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात हे मळीच्या उदाहरणाने चांगले समजते. लोणीजवळच्या प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि 1950–51च्या हंगामात सुरू झाला. त्याच्या डिस्टिलरीत पातळ केलेल्या मळीत यीस्ट सोडतात आणि ते साखरेचे अल्कोहोल करते. मळीतली ऊससाखर पेशीत शिरण्याआधीच बहुतांशी फुटते, कारण ती फोडणारे इन्व्हर्टेज हे एंझाइम पेशीपटलाबाहेर, पेशीभित्तीलगत असते. फुटून निघालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज पटलातली वाहक प्रथिने आत घेतात. पुढची अल्कोहोलपर्यंतची साखळी पेशीद्रवात चालते. इन्व्हर्टेजची आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. एकाच जनुकापासून त्याची दोन रूपे तयार होतात : एकाच्या सुरुवातीला बाहेर जाण्याचा संकेत असतो, दुसऱ्याच्या नसतो. पहिले पेशीबाहेर पोहोचते, दुसरे आतच राहते. साखर फोडण्याची क्षमता दोघांतही आहे. फरक आहे तो जागेचा.

हेच इन्व्हर्टेज या विषयाच्या इतिहासातही आहे. 1979 मध्ये पीटर नोव्हिक आणि रँडी शेकमन यांनी इन्व्हर्टेज पेशीबाहेर न जाता आतच साठते असे उत्परिवर्ती यीस्ट शोधले. प्रथिने पुटिकांतून कशी वाहून नेली जातात, याचा उलगडा त्यातून होत गेला आणि शेकमन यांना 2013 मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पण हे काम एकेका प्रथिनाच्या मागावर चाललेले होते. 1996 मध्ये यीस्टचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाल्यावर सगळ्याच प्रथिनांचा ठावठिकाणा एकदम शोधण्याची वाट मोकळी झाली.

2002 मध्ये येल विद्यापीठातील अनुज कुमार, मायकेल स्नायडर आणि सहकाऱ्यांनी 2,744 प्रथिनांची स्थाने प्रसिद्ध केली. त्यांच्या पद्धतीत प्रथिनाला छोटी खूण जोडून, पेशी मारून, ती खूण प्रतिपिंडांनी रंगवून पाहावी लागे. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील वॉन-की हू, जोनाथन वाइसमन, एरिन ओशे आणि सहकाऱ्यांनी जिवंत पेशींवर काम केले. जेलीफिशपासून मिळालेल्या हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाचे (जीएफपी) जनुक त्यांनी यीस्टच्या एकेका जनुकाच्या शेवटाला, गुणसूत्रातल्या त्याच्या मूळ जागीच जोडले. त्यामुळे प्रथिन आपल्या नेहमीच्या प्रमाणातच तयार होते आणि जिथे जाईल तिथे चमकते. ठिपके नेमके कोणत्या कप्प्यात आहेत असा संशय आला, की त्या कप्प्याची ओळखीची प्रथिने लाल रंगात चमकवून दोन्ही चित्रे जुळवून पाहिली जात. या पद्धतीने 4,156 प्रथिने 22 स्थानगटांत बसवता आली. आधी ठिकाण ठाऊक नसलेल्या प्रथिनांपैकी 70 टक्क्यांचा पत्ता या एकाच कामातून लागला. या विषयातले हे सर्वांत मोलाचे काम आहे, कारण तयार झालेले वाण जगभरच्या प्रयोगशाळांना उपलब्ध झाले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. काही प्रथिनांचा पत्ता त्यांच्या शेपटीतच असतो. पेरॉक्सिसोम या कप्प्यात जाणाऱ्या अनेक प्रथिनांच्या शेवटच्या टोकाला तीन अमिनो आम्लांचा संकेत असतो. त्यापुढे जीएफपी जोडले, की तो झाकला जातो आणि प्रथिन भलतीकडेच दिसते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील माया शुल्डिनर यांच्या गटाने 2016 पासून चकाकणारे प्रथिन सुरुवातीच्या टोकाला जोडलेले संच तयार केले, ते यासाठीच.

शिवाय प्रथिनांचे ठिकाण कायमचे नसते. भरपूर ग्लुकोज असताना मिग1 हे नियंत्रक प्रथिन केंद्रकात असते आणि तिथे इन्व्हर्टेजच्या जनुकाला रोखून धरते. ग्लुकोज संपले, की काही मिनिटांत ते केंद्रकाबाहेर येते. उष्णता वाढली, की एमएसएन2 हे नियंत्रक प्रथिन उलट दिशेने केंद्रकात शिरते. भरपूर साखरेत काम करणारी काही वाहक प्रथिने साखर संपल्यावर पटलावरून काढून रिक्तिकेत नष्ट केली जातात. म्हणून एका क्षणाचा नकाशा पुरत नाही; टोरांटो विद्यापीठातील ब्रेंडा अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये संगणकाकडून लाखो पेशींची चित्रे वाचून घेऊन हे स्थलांतरही मोजले.

हे प्रमुख नकाशे एस288सी या प्रयोगशाळेतल्या वाणाच्या वंशाचे आहेत. त्याचा मुख्य पूर्वज 1938 मध्ये कॅलिफोर्नियात एका सडलेल्या अंजिरावर सापडला होता. मळीच्या टाकीतले यीस्ट मात्र क्षार, उष्णता, आम्लता आणि वाढते अल्कोहोल सोसत जगते. तिथे जीएफपीही अडते : चमक येण्यासाठी त्याला ऑक्सिजन लागतो आणि तो आंबवण्याच्या टाकीत फारसा उरत नाही, आम्लधर्मी रिक्तिकेत त्याची चमक मंदावते. म्हणजे नमुना टाकीतून काढून, हवा देऊन पाहावे लागते आणि तेवढ्या वेळात पेशीतली मांडणी बदलू शकते. ही अडचण खरी असली, तरी पार करता येण्याजोगी आहे. औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आहे आणि साखर उद्योगाची संशोधन संस्था वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला आहे. डिस्टिलरीतल्या यीस्टचा स्थाननकाशा महाराष्ट्रात तयार व्हायला हवा.