वडिलांच्या फायलीत मुलीचं काय?

१९९८ च्या डिसेंबरात आइसलँडच्या संसदेनं एक कायदा पास केला. अख्ख्या देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम पावणेतीन लाख, म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुका. कायदा असा, की देशातल्या प्रत्येकाच्या डॉक्टरी नोंदी एका डेटाबेसात भरायच्या, आणि तो बांधून चालवण्याचं लायसन्स एकाच खाजगी कंपनीला द्यायचं. २००० साली ते बारा वर्षांसाठी दिलंही. बरं, लोकांची परवानगी? ती घ्यायचीच नाही! ज्याला नको असेल त्यानं फॉर्म भरून 'मला वगळा' म्हणून कळवायचं. गप्प बसलात म्हणजे हो म्हणालात. सुमारे वीस हजार लोकांनी फॉर्म भरले.

हल्ली बायोबँक हा शब्द जिथेतिथे दिसतो. रक्ताचे, पेशींचे नमुने उणे ऐंशी अंशांवर जपून ठेवायचे, त्यांना माणसाच्या आजारांच्या नोंदी जोडायच्या, आणि त्यातून कुठलं जनुक कुठल्या रोगाशी नातं सांगतं ते शोधायचं, असा हा उद्योग. ब्रिटनच्या यूके बायोबँकेनं २००६ ते २०१० मध्ये ४० ते ६९ वयाच्या पाच लाख लोकांचे नमुने घेतले आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांचे संपूर्ण जीनोम संशोधकांसाठी खुले केले. पण या सगळ्यातले खरे अवघड प्रश्न आइसलँडमध्ये आधीच विचारून झाले होते, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन. म्हणून मला ही गोष्ट फार आवडते.

त्या कंपनीचं नाव डीकोड. कारी स्टेफानसन या मेंदूविकारतज्ज्ञानं ती १९९६ साली रेक्याविकमध्ये काढली. हार्वर्डची प्राध्यापकी सोडून मायदेशी परतलेला हा माणूस. त्याचं गणित सरळ होतं. आइसलँडची वस्ती अकराशे वर्षांपूर्वी मूठभर कुटुंबांपासून सुरू झाली, पुढे बाहेरून फारसं कोणी आलं नाही, आणि या लोकांना वंशावळी लिहून ठेवायचं जबरदस्त वेड! आडनावं बहुतेकांना नाहीतच. स्टेफानचा मुलगा तो स्टेफानसन, आपल्या मधल्या नावासारखं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या चोपड्या आठवा. त्या सगळ्या एकत्र करून कॉम्प्युटरात भरल्या तर काय होईल? तिथे ते झालं. आणि ते करणारा माणूस होता फ्रिद्रिक स्कूलासन, म्हणजे एफ-प्रॉट अँटीव्हायरसचा कर्ता! (जुन्या डॉसवाल्या मंडळींना ती फ्लॉपी आठवेल.) त्यानं आणि डीकोडनं मिळून बनवलेला 'इस्लेंडिंगाबोक' हा वंशावळीचा डेटाबेस २००३ मध्ये सगळ्या देशाला फुकट खुला झाला. पुढे त्यावर एक मोबाइल अ‍ॅपही आलं. दोघांनी फोनला फोन लावला की आपण एकमेकांचे किती जवळचे नातेवाईक ते कळतं. डेटवर जाण्याआधी सोय :-)

तर वंशावळ होती, नमुने मिळत होते, फक्त आजारांच्या नोंदी हव्या होत्या. तो हा कायदा.

नोंदी भरताना माणसाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक एका दिशेनं कूटबद्ध करू, मग नाव कोणालाच कळणार नाही, असं आश्वासन होतं. आपल्या धंद्यातल्या कोणालाही इथली गोम लगेच दिसेल. एकाच माणसाच्या पंचवीस वर्षांतल्या नोंदी एकमेकींना जोडायच्या तर त्या माणसाचा कोड दरवेळी तोच यायला हवा. आणि तोच कोड आला, की हळूहळू त्याच्याभोवती एक चरित्र जमा होतं. अमुक साली जन्म, अमुक साली पाय मोडला, दोन मुलं, तमुक गावात बदली. पावणेतीन लाखांच्या देशात असं चरित्र एकाच माणसाचं निघतं, नाव काढून टाकलं तरी. केंब्रिजचे रॉस अँडरसन (हो, 'सिक्युरिटी इंजिनिअरिंग' पुस्तकवाले) यांनी आइसलँडच्या डॉक्टरांच्या संघटनेसाठी १९९८ मध्ये अहवाल लिहिला, त्यात मुख्य मुद्दा हाच होता. सरकारनं ऐकलं नाही.

मग कोर्टात गेली एक कॉलेजवयाची मुलगी. तिचे वडील १९९१ साली वारले होते. त्यांच्या नोंदी डेटाबेसात घालू नका, असा तिचा अर्ज होता. सरकारी उत्तर आलं की जिवंत माणूस स्वतःपुरता नकार देऊ शकतो, मेलेल्याच्या वतीनं दुसऱ्या कोणाला देता येत नाही. वरवर बिनतोड वाटतं. पण तिचा युक्तिवाद वेगळाच होता. वडिलांच्या वतीनं मी बोलतच नाहीये, मी माझ्याबद्दल बोलतेय. त्यांच्या फायलीत आनुवंशिक असं जे काही आहे, त्यावरून माझ्याबद्दल अंदाज बांधता येतो, म्हणून ती फाईल थोडी माझीही आहे.

२००३ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं तिचं म्हणणं मान्य केलं. शिवाय, ओळख लपवण्याची नुसती ग्वाही कायद्यात आहे, ती पाळली जाईल याची पुरेशी तजवीज नाही, असंही ठरवलं. तो डेटाबेस पुढे कधी उभाच राहिला नाही. माझ्या मते जनुकीय माहितीबद्दल कुठल्याही कोर्टानं ओळखलेली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रक्त एकाचं असतं, माहिती एकाची नसते.

आता कोणी म्हणेल, झालं, विज्ञानाचं नुकसान! तसं काही झालं नाही. डीकोड एकेका माणसाची लेखी संमती घेऊन नमुने जमवत राहिली, आणि हळूहळू देशातल्या निम्म्याहून जास्त प्रौढांनी आपणहून रक्त दिलं. २०१४ मध्ये तर डोंगरात अडकलेल्यांना सोडवणारी स्वयंसेवी पथकं घरोघर जाऊन नमुने गोळा करत होती, दर नमुन्यामागे पथकाला देणगी. (यावरही टीका झालीच. देवासारख्या धावून येणाऱ्या माणसाला दारात नाही कसं म्हणणार?) अल्झायमरपासून संरक्षण देणारा दुर्मिळ जनुकीय बदल २०१२ मध्ये याच नमुन्यांतून सापडला. विचारलं की लोक देतात. न विचारता घ्यायची गरजच काय होती?

कंपनीचं आर्थिक रडगाणं वेगळंच. २००० साली अठरा डॉलरनं नॅसडॅकवर आलेली डीकोड २००९ च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीत गेली. कर्ज काढून शेअर घेतलेले कितीतरी सामान्य आइसलँडवासी बुडाले. पण इथे एक कायदा कामी आला. २००० च्या बायोबँक कायद्यानुसार नमुने सांभाळणारी संस्था त्यांची मालक नसते, ते विकता येत नाहीत, गहाण ठेवता येत नाहीत, कर्जवसुलीत जप्तही होत नाहीत. पुढे २०१२ मध्ये अ‍ॅमजेननं ४१.५ कोटी डॉलरला कंपनी घेतली, तरी फ्रीझरमधलं रक्त कोणाची इस्टेट झालं नाही. याच्याशेजारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेलेली ट्वेंटीथ्री-अँड-मी ठेवून बघा. लोकांच्या लाळेतून काढलेली माहिती हीच तिची मुख्य मालमत्ता म्हणून लिलावात निघाली, आणि ३०.५ कोटी डॉलरला गेली.

पण गोष्ट कोर्टाच्या निकालावर संपत नाही. २०१५ मध्ये डीकोडनं २,६३६ लोकांचे संपूर्ण जीनोम वाचून प्रसिद्ध केले. शिवाय एक लाखावर लोकांच्या नमुन्यांत थोड्या ठरावीक खुणा तपासलेल्या होत्या. आपला डीएनए पूर्वजांकडून लांबलांब तुकड्यांनी येतो, त्यामुळे खुणा जुळल्या की मधले रिकामे रकाने गणितानं भरता येतात. आणि हातात वंशावळ असली तर ज्यांनी रक्त दिलंच नाही त्यांचेही रकाने बरेचसे भरता येतात. तुमचा भाऊ, मावशी आणि दोन चुलत भावंडं डेटाबेसात असली तर तुम्ही नसलात तरी काय फरक पडतो? असे गणिती रकाने हॉस्पिटलच्या नोंदींना जोडायची परवानगी कंपनीनं मागितली होती, तेव्हा २०१३ मध्ये तिथल्या डेटा संरक्षण संस्थेनं सांगितलं, आधी त्या लोकांना विचारा.

तर मग ही माहिती वापरायचीच नाही, असं म्हणून मोकळं व्हावं? इथेच माझी पंचाईत होते. आइसलँडमध्ये बीआरसीए-२ जनुकातला एक बिघाड शंभरात साधारण ०.७ जणांकडे आहे. बाईकडे तो असेल तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. असे दोनेक हजार लोक कोण, ते डीकोडला बटण दाबून काढता येत होतं. वेळीच कळलं तर जीव वाचू शकतो. स्टेफानसन वर्षानुवर्षं सांगत राहिले, या लोकांना कळवू द्या. सरकारचं उत्तर, नमुने संशोधनासाठी दिलेले आहेत, आणि न जाणून घेण्याचाही माणसाला हक्क असतो. शेवटी २०१८ मध्ये एक वेबसाइट काढली. ज्याला हवं त्यानं विचारावं, त्यालाच सांगायचं. हजारो लोकांनी विचारलं. पण ज्या बाईला विचारायचं सुचलंच नाही तिचं काय, याचं उत्तर त्यात नाही. आणि ज्या मुलीनं विचारलं, तिला 'हो' असं उत्तर आलं, की ते आई किंवा बाबांपैकी एकाबद्दलचंही उत्तर असतं. त्यांनी विचारलेलं नसताना.

आता आपल्याकडे. छोट्या बेटावरच्या छोट्या लोकांची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही, कारण जातीतल्या जातीत लग्नं करून आपण हजारो वर्षं अशी बेटंच तयार केली आहेत. २०१७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूह फिनलंडच्या किंवा अश्केनाझी ज्यूंच्याही पुढे निघाले, म्हणजे थोड्याच पूर्वजांची छाप जास्त ठळक. रिकामे रकाने भरण्याचं गणित इथेही चालेल. जीनोम इंडिया प्रकल्पाचा दहा हजार लोकांचा डेटा २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुला झाला, वीस हजार नमुने बंगळुरूच्या बायोबँकेत आहेत. काम उत्तम आहे, व्हायलाच हवं होतं. कायद्याचं मात्र असं, की २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात जनुकीय माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती, आणि २०२३ च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. संशोधनाला सवलत आहे. संमती ज्याची माहिती त्यानं द्यायची. बहिणीनं रक्त दिलं तर माहिती कोणाची, हे त्यात लिहिलेलं नाही.