हिमालयाचे दार



शाळेत भिंतीवर नकाशा टांगला की हिमालय दाखवताना आम्ही शिक्षक एक ठरलेले वाक्य बोलतो : हा भारताचा उत्तरेकडील तट होय. वाक्य खोटे नाही. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे गोठवणारे वारे हा तट अडवतो, आणि पावसाळ्यात समुद्रावरून आलेल्या ढगांचे पाणी आपल्याच बाजूला पाडून घेतो. परंतु तट म्हटला की दरवाजे आलेच. हिमालयाचे दरवाजे म्हणजे त्याच्या खिंडी. त्यांतील कित्येक पाच हजार मीटरांहून उंच असून वर्षातून थोडेच आठवडे उघड्या असतात. त्या कधी उघडतात व कधी मिटतात, हे कोणी राजा ठरवीत नाही. ते हवामान ठरविते. हे वेळापत्रक माणसाला कसकसे उमगत गेले, आणि ते न जुमानल्यास काय होते, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

हकीकतीचा आरंभ गोव्यापासून करू. इ. स. १६०० मध्ये आंतोनियो द आंद्रादे नावाचे एक तरुण पोर्तुगीज येशूसंघीय गोव्यास उतरले. पुढे धर्मगुरू होऊन ते मोगल मुलुखातील मिशनचे प्रमुख झाले व आग्र्यास राहू लागले. हिमालयाच्या पलीकडे ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे, अशी वदंता त्या काळी मिशनऱ्यांच्या कानांवर वारंवार येत असे. तिचा छडा लावावा म्हणून ३० मार्च १६२४ रोजी ते ब्रदर मानुएल मार्किश व दोन नोकर यांच्यासह आग्र्याहून निघाले. दिल्लीस त्यांना बदरीनारायणास निघालेल्या यात्रेकरूंचा मेळा भेटला. हिंदू यात्रेकरूंचा वेष करून ते त्या मेळ्यात मिसळले. हे सोंग फार दिवस निभावले नाही. गढवालची राजधानी श्रीनगर येथे त्यांना अडवून त्यांची कसून चौकशी झाली. मोठ्या मुष्किलीने पुढे जावयास मिळाले.

बदरीनाथाच्या पुढे माना नावाचे गाव आहे. तेथून माना खिंडीचा मार्ग तिबेटात उतरतो. गाव सुमारे ३,२०० मीटर उंचीवर, तर खिंड सुमारे ५,६०० मीटरांवर. मानाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिबेटशी व्यापार करीत. बर्फ ओसरले की वर जावयाचे आणि पुन्हा पडू लागण्यापूर्वी परत यावयाचे, हा त्यांचा नेम. खिंड उघडण्याची वाट पाहत फादर तेथेच थांबले होते. तोच श्रीनगरच्या राजाकडून आपणांस अडविण्याचा हुकूम निघाला आहे, अशी कुणकुण त्यांना लागली. मार्किश यांना मागे ठेवून, दोन नोकर व एक वाटाड्या घेऊन ते घाईने वर निघाले. बर्फ अजून वितळले नव्हते. दार उघडण्यापूर्वीच त्यांनी ते लोटावयास घेतले होते.

तिसऱ्या दिवशी राजाची माणसे मागोमाग येऊन थडकली. घरच्यांना शिक्षा होईल या भयाने वाटाड्या परतला. तिघे जण तसेच पुढे गेले. बर्फ कमरेपर्यंत, कोठे छातीपर्यंत येई. चालता येईना तेव्हा पोहल्यासारखे हातपाय मारीत पुढे सरकावे लागे. रात्री अंगावर पडणारे बर्फ झाडीत बसावे, नाही तर त्याखाली गाडले जाण्याचे भय. फादरांचे हातपाय इतके बधिर झाले की बोटाचा तुकडा गळून पडला तरी त्यांना वेदना झाली नाही. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे दिपून गेले. पुढे कित्येक दिवस प्रार्थनेच्या पुस्तकातील अक्षर त्यांना ओळखता येईना. अशा स्थितीत ते खिंडीच्या माथ्यावर पोहोचले. समोर सारा मुलूख पांढराशुभ्र. वाटेची खूण म्हणून कोठे दिसेना. तेथून त्यांना माघारी वळावे लागले.

हे सर्व उन्हाळ्यात घडले, हे ध्यानात घ्यावे. खाली दिल्ली-आग्र्यास माणसे उष्म्याने तळमळत असताना खिंडीत छातीइतके बर्फ कसे? याची दोन कारणे आता आपणांस ठाऊक आहेत. पहिले कारण उंचीचे. साधारणतः दर हजार मीटर वर गेले की हवेचे तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे माना गावापेक्षा खिंडीत पंधरा अंशांनी अधिक थंडी. दुसरे कारण असे की, पश्चिम हिमालयातील बहुतेक बर्फ पावसाळ्यात पडत नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने हिवाळ्यात एकामागून एक वादळे पूर्वेकडे येतात. हवामानखाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. डिसेंबरपासून मार्चपर्यंत, कधी कधी मे महिन्यापर्यंतही, ती वादळे शिखरांवर बर्फ टाकीत राहतात. ते सारे वितळावयास जुलै उजाडतो, आणि ऑक्टोबरात पुन्हा थंडीचा अंमल सुरू होतो. उन्हाळा आला म्हणजे वाट मोकळी झाली, हा मैदानातल्या माणसाचा हिशेब तेथे चालत नाही.

खिंडीत धडधाकट माणसेही एकाएकी आजारी पडून मरतात, ते जमिनीतून निघणाऱ्या विषारी वाफांमुळे, असे तेथील लोक फादरांना सांगत. फादरांना हे पटले नाही. कडक थंडी व अपुरे अन्न हेच कारण असावे, असे त्यांनी आपल्या पत्रात लिहिले. वास्तविक दोघांचेही कारण चुकले होते. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जवळजवळ निम्मा असतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्या मानाने निम्माच. या विकाराचे मूळ प्राणवायूच्या उणिवेत आहे, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या ग्रंथात प्रयोगांनिशी दाखविले. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मानाच्या लोकांचे कारण चुकले तरी त्यांचे अनुमान चुकले नव्हते. तेथे रेंगाळू नये, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

फादर आंद्रादे यांनी हा धडा गिरविला. मार्किश यांची भेट झाल्यावर बर्फ वितळेपर्यंत सुमारे महिनाभर ते थांबले, आणि वाट मोकळी झाल्यावर तीच खिंड ओलांडून ऑगस्टच्या आरंभी पश्चिम तिबेटातील गूगे राज्याची राजधानी त्सापरांग येथे पोहोचले. ख्रिस्ती वस्ती मिळाली नाही. बौद्ध राजाने मात्र आदराने स्वागत केले. तरी ते तेथे महिनाभरही राहिले नाहीत. खिंड मिटण्यापूर्वी परतणे भाग होते. ८ नोव्हेंबर १६२४ रोजी आग्र्याहून त्यांनी लिहिलेले पत्र १६२६ साली लिस्बन येथे छापले गेले. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा त्सापरांगला गेले व १६२६ च्या ईस्टरमध्ये तेथे चर्चचा पाया घातला गेला. शेवटी ते गोव्यास परतले आणि तेथेच १६३४ साली त्यांचा अंत झाला.

एकट्यादुकट्या प्रवाशाला जी चूक बोटावर भागली, ती सैन्याच्या सर्वनाशाला कारण होऊ शकते. १८४१ साली जम्मूचा डोग्रा सेनापती जोरावरसिंग याने याच पश्चिम तिबेटावर स्वारी केली. उन्हाळ्यात विजयामागून विजय मिळत गेले आणि फौज मानससरोवराच्याही पुढे गेली. मग हिवाळा आला. मागच्या खिंडी बर्फाने बंद झाल्या, समोर तिबेटी सैन्य उभे राहिले. गारठलेल्या शिपायांनी ऊब मिळावी म्हणून बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले, असे अलेक्झांडर कनिंगहॅम याने लिहून ठेवले आहे. १२ डिसेंबर १८४१ रोजी जोरावरसिंग रणात पडला. त्याच्या शौर्याविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु सैन्य तलवारीने मेले त्यापेक्षा थंडीनेच अधिक मेले.

येथवरची गोष्ट डोंगर चढणाऱ्यांची झाली. ज्यांनी आयुष्यात बर्फ पाहिले नाही, अशा आपल्या शेतकऱ्यांचा त्या बर्फाशी काय संबंध? हा प्रश्न १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाने पुढे आणला. दख्खन, म्हैसूर व मद्रास प्रांतांत लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्याच सुमारास, १८७५ साली, भारताचे हवामानखाते स्थापन झाले होते व हेन्री ब्लॅनफोर्ड त्याचे प्रमुख होते. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ फार पडले, तर पुढचा पावसाळा अडखळतो, असे त्यांना दिसून आले. १८८४ साली त्यांनी हा विचार लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला, आणि १८८६ पासून पावसाळ्याचे अंदाज नियमाने प्रसिद्ध होऊ लागले. पर्वतावरील बर्फ मोजून कोकणातल्या वा माळव्यातल्या पावसाविषयी बोलण्याचा तो पहिला शास्त्रीय यत्न होय.

परंतु निसर्ग एका सूत्रात सापडत नाही. १८९९ साली चांगल्या पावसाचा अंदाज वर्तविला गेला, आणि प्रत्यक्षात पाऊस दगा देऊन गेला. तोच गुजरात-राजस्थानातील छप्पनियो काळ. बडोदे संस्थानातील जुन्या घराण्यांत त्याच्या आठवणी फार काळ सांगितल्या जात. पुढे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरचे आकडे ताडून पाहिले आणि आपल्या पावसाचे धागे दूर पॅसिफिक महासागरापर्यंत पोहोचतात, असे दाखविले. ब्लॅनफोर्ड यांचे बर्फ त्यामुळे खोटे ठरले नाही. अनेक कारणांपैकी ते एक ठरले.

१९५३ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी हवामानाचे अंदाज आकाशवाणीवरून खास प्रसारित केले जात. पश्चिमेचे प्रचंड वारे उत्तरेकडे सरकतात आणि मोसमी हिमवर्षाव अजून सुरू झालेला नसतो, असे मे महिन्यातील थोडे दिवस शिखरासाठी मिळतात. त्याच सुमारास, २९ मे रोजी, तेनसिंग व हिलरी शिखरावर उभे राहिले. फादर आंद्रादे यांना जे मानाच्या लोकांकडून कळत होते, ते या वीरांना ध्वनिलहरींवरून कळले, इतकाच फरक.

मग आज आपण निर्धास्त आहोत काय? जून २०१३ आठवा. एरवी जुलैच्या मध्यास देश व्यापणारा मोसमी पाऊस त्या वर्षी १६ जूनलाच सर्वत्र पोहोचला, आणि उत्तराखंडात त्याची एका पश्चिमी विक्षोभाशी गाठ पडली. यात्रा ऐन भरात होती. अतिवृष्टी व वितळते बर्फ यांनी केदारनाथाच्या वरचे चोराबारी सरोवर फुटले, आणि हजारो माणसे वाहून गेली. आपल्या मराठी यात्रेकरूंचीही कित्येक कुटुंबे त्या संकटात सापडली. दोन ऋतूंनी आपापली वेळ सोडून एकमेकांना गाठले म्हणजे काय होते, ते त्या दोन दिवसांनी दाखविले. शिवाय पृथ्वी तापत आहे. उपग्रहांच्या चित्रांवरून असे दिसते की, १९७५ ते २००० या काळापेक्षा त्यानंतरच्या वर्षांत हिमालयातील हिमनद्या दुपटीच्या वेगाने झिजत आहेत. शतकानुशतके ज्या वेळापत्रकावर विसंबून माणूस चालला, ते वेळापत्रकच आता हलू लागले आहे.

आजही हिवाळा तोंडावर आला की बदरीनाथाचे दरवाजे बंद होतात, पूजाअर्चा खाली जोशीमठाकडे येते, आणि मानाचे लोक घरांना कुलपे लावून खालच्या गावी उतरतात. त्यांत त्यांना कमीपणा वाटत नाही. माझ्या वर्गात मी हिमालयाला तट म्हणणे सोडलेले नाही. पण आता त्याबरोबर हेही सांगतो की, मुलांनो, या तटाला दार आहे, ते आपल्या हाताने उघडत नाही, आणि ज्याला थांबणे ठाऊक होते तोच त्यातून गेला आणि परत आला.