देवळालीचा ताप

परवा शनिवारी कोपऱ्यावरच्या त्या छोट्या बारमध्ये गेलो होतो. जेमतेम सहा टेबलं, पण फळ्यावर बेल्जियमपासून पुण्यापर्यंतच्या बिअर खडूने लिहिलेल्या. बरोबरचा मित्र मूळचा नाशिकचा. बोलता बोलता ‘डूलाली’चा विषय निघाला. २००९ साली पुण्यात सुरू झालेली ब्रूअरी, देशातल्या पहिल्या काही क्राफ्ट ब्रूअरींपैकी एक. मी म्हटलं, "नाव काय झक्कास इंग्लिश आहे!" तो हसला. "कसलं इंग्लिश? आमची देवळाली आहे ती!"

घरी येऊन खोदकाम केलं. खरंच की!

इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात नाशिकजवळ देवळालीला लष्करी छावणी उभारली. नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना इथे आणायचं आणि मुंबईहून बोटीत बसवून मायदेशी पाठवायचं. पण या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटायच्या. त्यानंतर ज्याची मुदत संपली तो पुढच्या हंगामापर्यंत अडकला. ना धड काम, ना लढाई. नुसता उन्हाळा, मलेरिया आणि कंटाळा. काहींची डोकी खरंच फिरली. या अवस्थेला शिपायांनी नाव ठेवलं ‘डूलाली टॅप’. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाच्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) या आठवणींमध्ये त्याचा उल्लेख आहे. आणि हा टॅप म्हणजे बिअरचा नळ नव्हे बरं का, तो आपल्या ‘ताप’चाच भाऊबंद! पुढे टॅप गळला आणि इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे वेडा, एवढंच उरलं.

हे वाचून आधी हसू आलं, मग मला माझा बेंच आठवला. प्रोजेक्ट नाही, काम नाही, रोज ऑफिसला जाऊन कॉफी प्यायची आणि ईमेलची वाट बघायची. चारच महिने होते, पण तेव्हा घरच्यांवर उगाच खेकसायचो. आणि मला तर संध्याकाळी घरी जाता येत होतं. त्या पोरांचं घर हजारो मैल लांब, तेही वर्षानुवर्षं न पाहिलेलं. त्यांच्या हालांचा जगाने विनोद केला, आणि आपल्या गावाच्या नावाचाही.

फळ्यावर इंडिया पेल एल होती, मी तीच घेतली होती. पण ती मुख्यतः साहेबलोकांची बिअर. साध्या शिपायांच्या वाट्याला बहुतेक काळी पोर्टर यायची.

असो. पुढच्या शनिवारी पोर्टर मागवणार. देवळालीत अडकलेल्यांच्या नावाने!